हत्ती गेला की भोपळा लावा: मुंबईच्या गच्चीवर गावठी लाल भोपळा

सफाळ्याच्या आत्याने मला मूठभर बी दिलं होतं, राखेत घोळवून, जुन्या पंचांगाच्या पानात बांधून. "मिरग लागला की टाक," एवढंच सांगितलं. मी मुलुंडला आमच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर मृगाच्या पहिल्या सरीला सहा बिया लावल्या. जुलैत वेल असे तरारले की शेजारचे फोटो काढून नेऊ लागले. ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडली, धरलेली इवली फळं एकेक करून गळली, आणि जे एकच लिंबाएवढं टिकलं त्यात अळ्या निघाल्या. परीक्षेत कधी मिळाला नव्हता तो भोपळा गच्चीवर मिळाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

चूक आत्याची नव्हती. तिच्याकडे उताराची जमीन आहे, पाणी थांबत नाही. मांडवाखाली वारा खेळतो, आणि अंगणात मधमाश्या आहेत. माझ्याकडे होती प्लास्टिकची पिशवी, तुंबलेलं पाणी आणि कबुतरं. तिसऱ्या वर्षी तिलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मग हत्ती गेल्यावर लाव ना. भात कापल्यावर बांधावर आम्ही लावतोच की." हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, भोंडल्याचं. तेव्हापासून दरवर्षी मला दोन-तीन भोपळे मिळतात. जास्त नाही. पण तेवढे पुरतात, कारण भोपळा हे पिकवण्यापेक्षा ठेवून खाण्याचं फळ आहे.

आधी नावं नीट लावून घेऊ

लाल भोपळा, तांबडा भोपळा, डांगर, काशीफळ, गंगाफळ ही सगळी एकाचीच नावं. विदर्भातल्या मैत्रिणीला मात्र "कोहळं आण" म्हटलं तर ती हाच आणेल. आपण मुंबईकर कोहळा म्हणतो तो पांढरट, पेठ्याचा, दाराला बांधायचा. आणि कोकणातल्या सासूबाईंनी "डांगर केलंय" म्हटलं तर ताटात उडदाच्या पिठाचं ताकातलं कालवण येईल. दुधी आणि तंबोऱ्याचा कडू भोपळा हे कूळ एक असलं तरी वेगळ्याच जातीचे, आपल्याकडे फार जुने. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे मिरची-बटाट्यासारखा दर्या ओलांडून आला आणि असा रुळला की आता त्याच्याशिवाय गौरीचा नैवेद्य पुरा वाटत नाही.

बाजारात "भोपळा" म्हणून दोन जाती मिळतात आणि त्या देठावरून ओळखता येतात. देठ कडक, पाच कडांचा आणि फळाला चिकटतो तिथे ताऱ्यासारखा पसरलेला असेल तर तो मॉस्काटा जातीचा. देठ गोल, जाड, बुचासारखा मऊ असेल तर मॅक्झिमा. आपला चपटा, फाकींचा, पिकल्यावर पिवळसर तपकिरी होणारा गावठी भोपळा बहुधा पहिल्या जातीचा. तोच जास्त टिकतो, आणि उष्ण हवाही त्यालाच जास्त मानवते.

बी कुठून आणायचं? सगळ्यात सोपी वाट अशी: वसई-विरारहून पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन बायका येतात, त्यांच्याकडून एक अख्खा, पिकलेला भोपळा घ्या आणि विचारा, "घरचं बी की दुकानातलं?" घरचं असेल तर त्या अभिमानाने सांगतात. चकचकीत पाकिटातलं संकरित बी लावलं तर पहिल्या वर्षी फळ उत्तम येईल, पण त्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी काय उगवेल याचा नेम नाही. गावठी बी नाहीच मिळालं तर सरकारी संशोधन संस्थांचे सरळ वाण आहेत, त्यांचं बी राखता येतं. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का चंदन दोन-तीन किलोंचा, गोड आणि वासाला छान. त्यांचाच अर्का सूर्यमुखी सुमारे एक किलोचा, केशरी रंगावर पांढरट पट्टे असलेला. तो मॅक्झिमा आहे, पण लहान घराला बरा आणि फळमाशीला दाद देत नाही. बियांची ही राखण किती मोलाची आहे हे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यामुळे आता शहरातही माहीत झालंय. गावठी बियाणं जपल्याबद्दल त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली.

हस्तच का?

मुंबईचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. हस्त नक्षत्रही तेव्हाच सरतं. त्या सुमारास बी टाकलं की कोवळ्या वेलाला ऑक्टोबरची ऊब मिळते. उगवल्यापासून चाळीसेक दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नर फुलं दिसू लागतात, आठवड्या-दोन आठवड्यांत मादी फुलं. या वेळेचा आणखी एक फायदा आहे. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की भोपळ्याला मादी फुलं जास्त येतात. मोठे दिवस आणि उकाडा असला की नुसत्या नरांची वरात. डिसेंबरच्या सुरुवातीला फळ धरलं तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पक्व होतं. मग कोरडे महिने समोर असतात, ठेवायला सोयीचे.

जूनमध्ये लावू नका असं मी म्हणते ते फक्त गच्चीपुरतं. परसात जमीन असेल, मांडव असेल, तर बिनधास्त मृगावर लावा आणि नवरात्रापर्यंत खा.

गच्ची, सोसायटी आणि पिशवी

पहिलं काम माती आणायचं नाही, सेक्रेटरींना भेटायचं. लेखी परवानगी घ्या. आमच्याकडे वरच्या मजल्यावर ओल आली तेव्हा सगळ्यांची बोटं माझ्या वेलाकडे वळली होती. प्लंबरने पाइप फुटल्याचं दाखवलं म्हणून सुटले. तेव्हापासून एकही पिशवी थेट लादीवर ठेवत नाही. दोन विटांवर लाकडी फळी, फळीवर पिशवी, खाली हात घालून लादी पुसता आली पाहिजे. पाणी निघायच्या जाळीजवळ काहीच ठेवायचं नाही.

पिशवी १८ × १८ इंचांची घ्या आणि तिच्यात एकच वेल. दोन लावायचा मोह होतो, मलाही झाला, आणि दोघांनीही उपाशी राहून मला फुलंच फुलं दिली. ओली भरलेली अशी पिशवी सहज ५० किलोच्या पुढे जाते. म्हणून ती गच्चीच्या मधोमध न ठेवता कठड्याच्या कडेने, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा.

निम्मी लाल माती, पाव भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेल्या पाव भागात कोकोपीट. वर दोन मुठी निंबोळी पेंड. तळाला मी उसाचा वाळलेला चोथा घालते, चार बोटं. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला तो फुकट देतो, वर "अजून न्या" म्हणतो. चोथ्यामुळे वजन कमी होतं आणि पाणी तुंबत नाही. मुंबईत ही युक्ती जुनी आहे. पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तर ओल्या कचऱ्याच्याच मातीत अख्खी बाग उभी राहिली. गच्ची नसेल, नुसती ग्रिलची बाल्कनी असेल तर प्रामाणिकपणे सांगते: रोज सहा तास ऊन नसेल तर भोपळा धरणार नाही. पानं आणि फुलं मिळतील, भजी होतील. तेवढ्यावर समाधान असेल तर लावा.

पेरणी ते मांडव

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, टोक खाली करून, एक इंच खोल. पिशवीत तीन बिया टाकायच्या आणि तीन-चार पानांवर आल्यावर सगळ्यात दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. बी उगवायला पाच ते आठ दिवस लागतात. या दिवसांत पिशवीवर जाळी हवीच, कारण मुंबईची कबुतरं दोन पानांचं रोप बघितलं की ते खेचून बघतात, खाण्यासाठी नव्हे, उद्योग म्हणून.

पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही. मोठ्या वेलाला रोज तीन-चार लिटर लागतं. दुपारी पानं मान टाकतात तेव्हा घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ती आपोआप उठली तर तहान नव्हती, ऊन होतं. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत पुरे. युरिया टाकलात तर पानं छत्रीएवढी होतील आणि मादी फुलं रुसतील.

वेल चार-पाच मीटर सहज पळतो. बांबू आणि नायलॉनच्या जाळीवर चढवा, किंवा गच्चीवरच गोणपाटावर पसरू द्या. आमच्या गच्चीला जुनं चायना मोझाइक आहे, ते तापलं की कोवळे शेंडे भाजतात, म्हणून खाली गोणपाट लागतंच. वेल सहा-सात फूट झाला की शेंडा खुडायचा. बगलफुटी येतात आणि मादी फुलं बहुतेक त्यांच्यावर. गच्चीवर बाग करणारी मंडळी "थ्री-जी कटिंग" करा, म्हणजे बगलफुटींचेही शेंडे खुडून तिसऱ्या पिढीच्या फांद्या आणा, म्हणून मागे लागतील. दुधीला करा हवं तर. भोपळ्याला एकदा खुडणं पुरतं, खुडलेले शेंडे लसूण-मिरचीवर परतून खायचे.

पहाटेची सोयरीक

खरं काम इथे आहे, आणि नवखे लोक इथेच हरतात. "फळ धरतं, सुपारीएवढं होतं आणि पिवळं पडून गळतं," ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. दहातल्या आठ वेळा त्याला रोग झालेला नसतो. त्याचं लग्न लागलेलं नसतं, एवढंच.

भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल लांब बारीक देठावर उभं असतं, आत एकच पिवळा दांडा, बोट लावलं की परागाची हळद लागते. मादी फूल बुटकं, आणि त्याच्या पाठीशी आधीपासूनच एक इवलासा भोपळा असतो, मण्याएवढा, लव असलेला. फुलं पहाटे उमलतात आणि नऊ-दहापर्यंत मिटतात, ती कायमची. एवढ्या वेळात सातेरी किंवा फुलोरी मधमाशी येऊन गेली तर ठीक. सातव्या, दहाव्या मजल्याच्या गच्चीवर ती येईलच असं धरून चालू नका.

म्हणून आदल्या संध्याकाळी वेलापाशी जा. उद्या उमलणारी कळी टोकाला पिवळी झालेली असते, त्यानंतरची अजून हिरवी. उद्याची एक मादी कळी आणि दोन नर कळ्या शोधा आणि त्यांच्या टोकांना कपड्याचा चिमटा लावा, हलका, पाकळी चिरडणार नाही असा. चिमटा कशाला? बी राखायचं असेल तर दुसऱ्या कुणाच्या भोपळ्याचा पराग घेऊन माशी आत शिरता कामा नये. शेजारच्या गच्चीवर संकरित भोपळा असला तर तुमच्या फळाची चव यंदा बदलणार नाही, पण बी बाटेल. दुधी, कारलं, काकडी शेजारी असले तरी चालतील, त्यांचं भोपळ्याशी जमत नाही.

सकाळी साडेसहा-सातला, चहाच्या आधी. नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या सोलून काढा, मधला दांडा तेवढा हातात राहील. मादी कळीचा चिमटा काढा, पाकळ्या हलकेच उघडा. आत मधोमध तीन फाकींचा गुबगुबीत पिवळा ठिपका दिसेल. त्याच्यावर तिन्ही बाजूंनी दांडा फिरवा, बाळाच्या गालाला तीट लावतात तसा. दुसऱ्या नराने पुन्हा एकदा. मग पाकळ्या मिटवून दोऱ्याने बांधून टाका आणि देठाला लाल लोकर बांधा. ही लोकर विसरू नका. दोन महिन्यांनी कुठलं फळ बियांचं आणि कुठलं खायचं ते तीच सांगते. तीन-चार दिवसांत फळ फुगून चकाकायला लागलं की जमलं. पावसाचे थेंब आले तर पराग ओला होतो, त्या दिवशी चहाच घ्या.

दोन वेल असतील तर एकाचा नर दुसऱ्याच्या मादीला लावा, बी जास्त जोमदार निघतं. एकच असेल तर त्याचाच त्याला चालतो. वेलाला दोन फळं धरली की पुढच्या मादी कळ्या खुडून टाका. पिशवीतल्या मुळांना त्यापुढची पोरं पोसवत नाहीत. राहिलेली नर फुलं भज्यांना: आतला दांडा काढायचा, तांदळाच्या पिठात थोडं बेसन, तिखट, हळद, आणि गरम तेल.

चोर आणि रोग

लाल भुंगा कोवळ्या पानांची चाळण करतो. सकाळी गारव्यात तो सुस्त असतो तेव्हा हातानेच वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर चाळलेली राख भुरभुरा. फळमाशी हिवाळ्यात कमी, पण असते. फळ धरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला जुन्या सुती कापडाची सैल पिशवी घाला आणि ते कागदी लिंबाएवढं झाल्यावर मोठी पिशवी. सापळा लावणार असाल तर दुकानात नीट सांगा: भोपळ्या-काकडीच्या माशीला क्यू-ल्यूर लागतं. आंब्याच्या माशीची गोळी दिली तर सापळा महिनाभर रिकामाच लटकेल.

डिसेंबर-जानेवारीत पानांवर पीठ सांडल्यासारखी भुरी येते. एक भाग आंबट ताक, नऊ भाग पाणी, गाळून, सकाळच्या उन्हात आठवड्याने फवारायचं. जुनी पानं काढून टाका. वेल म्हातारा होतोय, फळ तोवर तयार होत आलेलं असतं. आणि उंदीर-घुशी. त्यांच्यावर माझ्याकडे उपाय नाही, फक्त पिकत आलेला भोपळा जमिनीवर न ठेवता जुन्या साडीच्या झोळीत टांगते.

काढायचा कधी

बाजारात हिरवट कोवळे भोपळेही विकतात, ते लगेच खायला ठीक, ठेवायला नाही. पक्व भोपळ्याचं अंग निस्तेज होतं, वर पांढुरकी साय धरते. सालीत नख रुतत नाही. आणि देठ हिरवा राहत नाही, सुतळीसारखा करडा, तडकलेला दिसतो. हे तिन्ही जमेपर्यंत थांबा. फळ धरल्यापासून दोन महिने लागू शकतात. शेवटचे दहा-पंधरा दिवस पाणी निम्म्यावर आणा.

देठ चार बोटं राखून कात्रीने कापा. ओढायचा नाही, पिळायचा नाही, आणि उचलताना देठाला धरायचं नाही. देठ तुटला तर तिथून पाणी शिरतं आणि भोपळा आठवड्यात बसतो. एक माझा असाच फ्लॅटच्या जिन्यात हातातून निसटला, टुणटुण करत दोन पायऱ्या गेला, वरून काहीच दिसलं नाही. पंधरा दिवसांनी तळाशी बोट आत गेलं.

मग मुरवणं. दहा-बारा दिवस वाऱ्याच्या जागी, सावलीत, उबदार. फेब्रुवारीत गच्चीच्या जिन्याचा वरचा टप्पा उत्तम. या दिवसांत साल टणक होते, बारीक खरचटे भरून येतात. धुवायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा.

घरात ठेवताना

पुस्तकी हिशेबाने भोपळ्याला १० ते १५ अंश आणि कोरडी हवा हवी. मुंबईत ते स्वप्न आहे. पण म्हणून अख्खा भोपळा फ्रिजमध्ये कोंबू नका. १० अंशांखाली त्याला गारठा बाधतो, साल खड्ड्याखड्ड्यांची होते आणि बाहेर काढल्यावर तो झपाट्याने सडतो. गावाकडे शिंक्यात किंवा माळ्यावर ठेवतात ते उगाच नाही: सगळीकडून हवा लागते. मी जुन्या लुगड्याची चुंबळ करून तिच्यावर ठेवते, स्वयंपाकघरापासून लांब, पलंगाखाली नाही, कपाटाच्या डोक्यावर. दोन भोपळे एकमेकांना टेकलेले नकोत. कांदे-बटाटे आणि पिकत घातलेले आंबे शेजारी नकोत. दर रविवारी उचलून बुडाकडून दाबून बघायचा.

काढल्यावर लगेच कापू नका. पहिले तीन-चार आठवडे आतल्या पिठाची साखर होत असते, मार्चमधला भोपळा फेब्रुवारीतल्यापेक्षा गोड लागतो. बीसुद्धा या काळात भरतं. मुंबईत फेब्रुवारीत आत आणलेला चांगला भोपळा एप्रिलअखेरपर्यंत, कधी मेच्या मध्यापर्यंत टिकतो. त्यापुढे हवेतला ओलावा वाढतो. रोहिणी लागायच्या आत सगळे संपवा. पावसाळ्यात राखायच्या हट्टापायी मी एक अख्खा घालवलाय.

कापलेल्या फाकीचा मऊ गर आणि बिया आधी काढायच्या, सडायला तिथूनच सुरुवात होते. मग कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये, चार-पाच दिवस. जास्त उरला तर वाफवून, कुस्करून, वाटीवाटीने फ्रीझरला.

विळीखाली

आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालायचा, बायकांनी नाही, असा आजीचा दंडक होता. बाबा पेपर बाजूला ठेवून येत, एक घाव घालत आणि परत जात. उरलेली लढाई आईची. माझा मुलगा आता हौसेने घालतो म्हणून मी तो मोडलेला नाही. बाकी काम मोठ्या सुरीने: देठाच्या बाजूला टोक रुतवून, फाकीच्या खाचेतून खाली. फार टणक असेल तर ओल्या फडक्यावर ठेवा, घसरत नाही.

लाल लोकरीवाला असेल तर आधी बिया. बोटांनी गर सोडवा, चाळणीत चोळून धुवा. पाण्यावर तरंगणाऱ्या बहुतेक पोकळ असतात. बाकीच्या ताटलीत, सावलीत, पंख्याखाली आठ-दहा दिवस, रोज परतून. कागदावर नको, चिकटतात. वाकवल्यावर कट्कन मोडलं की सुकलं. मग राखेत घोळवून काचेच्या बाटलीत, घट्ट झाकण, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. चिठ्ठीवर लिहा: सफाळे, लाल, चपटा, आणि महिना-वर्ष. हे सांगतेय कारण मी न लिहिलेल्या दोन बाटल्या घरात आहेत आणि त्यात काय आहे ते देवाला ठाऊक. गेल्या वर्षी आत्याच्या घरच्या बियांची नासधूस झाली. तिने फोन करून माझ्याकडून वीस बिया मागवल्या, मी त्या पुन्हा पंचांगाच्या पानात बांधून दिल्या.

आता एक गोष्ट न चुकता. शिजवण्याआधी कच्च्या भोपळ्याचा इवलासा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा टाकून द्या, बीसकट. या कुळातला कडवटपणा शिजवून जात नाही आणि तो विषारी असतो. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. गूळ घालून कडवटपणा झाकण्याचा विचार मनातही आणू नका.

रोजची भाजी अगदी साधी. साल काढायची नाही, ती मऊ शिजते आणि फोडी मोडत नाहीत. तेलात मोहरी, हिंग, आणि पाऊण चमचा मेथीदाणे लालसर होईपर्यंत. मेथीशिवाय भोपळ्याची भाजी मिळमिळीत. दोन सुक्या मिरच्या, हळद, फोडी, मीठ. पाणी घालायचं नाही. वर ताटलीत पाणी ठेवून झाकायचं आणि दहा मिनिटं मंद. शेवटी गुळाचा खडा, ओलं खोबरं, कोथिंबीर. भरीत करायचं तर फोडी वाफवून कुस्करा, गार झाल्यावर दही, मीठ, साखर आणि थोड्या पाण्यात फेसलेली मोहरी. नाकात झणका गेला पाहिजे.

आणि घारगे. यात घाई करणाऱ्यांचे घारगे वातड होतात. दोन वाट्या किसलेला भोपळा एक चमचा तुपावर परता, तो मऊ पडल्यावर सव्वा वाटी चिरलेला गूळ. गूळ विरघळला की मिश्रण आधी पातळ होतं, मग पुन्हा आळतं. कढईत उलथन्याने रेघ ओढली की क्षणभर तशीच राहावी, तिथे गॅस बंद. मीठ, वेलची, थोडं जायफळ. कोमट झाल्यावर दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे गरम तुपाचं मोहन आणि मावेल तेवढं गव्हाचं पीठ, साधारण दोन ते सव्वादोन वाट्या. पाण्याचा थेंब नाही. भोपळा किती ओला आहे त्यावर पीठ कमीजास्त लागतं, म्हणून मापापेक्षा हाताला विचारा: गोळा पुरीच्या कणकेपेक्षा सैल, पण बोटाला न चिकटणारा. वीस मिनिटं झाकून ठेवा.

केळीच्या पानावर तूप लावून, खसखस पेरून, पुरीपेक्षा जाड थापा. तेल मध्यम. फार तापलेलं असलं तर गूळ करपतो आणि आत कच्चं राहतं. घारगा तळाशी जाऊन सावकाश वर आला, टम्म फुगला आणि तपकिरी झाला की काढा. चाळणीवर गार करून डब्यात भरा. तीन-चार दिवस छान राहतात. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला की तळाशी खसखसच उरलेली असते.